बारा गाड्यांपुढचे दोन तळहात

नवीन मनातल्या मनात अजून त्या गाड्या थांबवतो, अशी मला शंका आहे. आज संध्याकाळपासून ती काही केल्या डोक्यातून जात नाही.

नवीन माझा धाकटा भाऊ. जामनेरच्या अलीकडे आमचं गाव आहे. तो तिथेच राहतो, जिनिंगमध्ये रुईच्या गाठी हलवायचं काम करतो आणि वर्षातून एकदा, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मरीमायच्या यात्रेत बारा गाड्या ओढतो. उद्या आखाजी आहे. यंदा त्याच्या उजव्या बगलेला माझा मुलगा हितेंद्र पळणार आहे. संध्याकाळी हितेंद्रने मला इथे धुळ्याला एक फोटो पाठवला. देवळापुढे गाड्या एकामागे एक जोडून ठेवलेल्या आणि पहिल्या गाडीसमोर हा पाय रोवून, दोन्ही तळहात पुढे करून उभा. चेहऱ्यावर हसू. खाली लिहिलंय, ‘मामा स्टाइल’.

घरातले सगळे झोपलेत. तो फोटो मला पुसवत नाही आणि बघवतही नाही. असे पुढे केलेले तळहात मी नवीनचे कितीदा तरी पाहिले आहेत. त्यातल्या दोन वेळा त्यांच्यावर रक्त होतं.

हा गाड्यांचा प्रकार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. बैल सोडलेल्या बारा गाड्या एकीला एक बांधतात. त्यांच्यावर माणसं चढतात, मावतील तितकी आणि वर आणखी थोडी. पुढे भगत. त्याच्या कंबरेच्या पट्ट्यात लोखंडी आकडा, आकड्यात दोर, दोराचं दुसरं टोक पहिल्या गाडीला. भगत देवीचं नाव घेऊन धावतो आणि गाड्या निघतात. मागून पोरं रेटत असतात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलून दाखवत नाही. भगताच्या दोन्ही काखांत हात घालून दोन जण धावतात, त्यांना बगले म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं, हे ओढायला मदत करतायत. तसं नाही. आमच्या गावात देवळापासून नाल्यापर्यंत उतार आहे. सपाटीवर भगत गाड्यांना ओढतो, उतार लागला की गाड्या भगताला ढकलायला लागतात. दोर ढिला पडतो, आकड्यातून सुटतो, आणि त्याच क्षणी दोन्ही बगल्यांनी भगताला उचलून डावीकडे न्यायचं. कायम डावीकडे, म्हणजे विचार करत बसावं लागत नाही. गाड्या भगताशिवायच पुढे जातात आणि नाल्याच्या वाळूत रुतून बसतात. त्यांना कोणी थांबवायचं नसतं.

नवीनला मात्र लहानपणापासून थांबवायचंच वेड.

ते वेड रद्दीच्या दुकानातून आलं. बाजाराच्या दिवशी आबा, म्हणजे आमचे वडील तोताराम, आम्हाला गाडीतून जामनेरला न्यायचे. तिथे एका रद्दीवाल्याकडे हिंदी कॉमिक्स भाड्याने मिळायची. सुतळीला चिमट्यांनी टांगलेली, कोपरे दुमडलेली, कुणाच्या तरी भज्यांच्या तेलाने पारदर्शक झालेली. त्यातल्या ज्वालाजीतवर नवीनचा जीव होता. ज्वालाजीत दिवसा रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकायचा आणि कुठे अन्याय दिसला की भट्टीत उडी मारून तांबड्या पोशाखात बाहेर यायचा. विजारीवरून चड्डी. आमची आई, लताबाई, एकदा मुखपृष्ठ बघून म्हणाली, “याच्या मायनं याले चड्डी आतून घालाले नही शिकवली का व?” नवीन दिवसभर तिच्याशी बोलला नाही.

त्याला हिंदी धड वाचता येत नसे. गोठ्यात, कडब्याच्या गंजीआड, मी वाचायची आणि तो चित्रं बघायचा. मारामारीचे आवाज मात्र तो मला वाचू द्यायचा नाही. “थांब व अक्का, ते माह्यं काम ये.” मग तो स्वतः ओरडायचा. धडाम! भडाक! खच्च! ज्वालाजीत एका फटक्यात सहा जणांना भिंतीतून आरपार पाठवायचा. कुणाचा जबडा, कुणाची बरगडी. पुढच्या चौकटीत ते सहा जण डोक्यावर चांदण्या घेऊन पडलेले असायचे आणि त्याच्या पुढच्या चौकटीत नसायचेच. रक्त कुठेही सांडायचं नाही. मला तेव्हाही वाटायचं, या लोकांना नंतर उचलतं कोण?

एका अंकात ब्रेक निकामी झालेली गाडी पुलाकडे येते. पूल तुटलेला. ज्वालाजीत रुळांवर उभा राहतो, दोन्ही तळहात पुढे करतो, आणि इंजिन त्याच्या हातांवर येऊन थांबतं. पायांखालचे रूळ नांगराच्या तासासारखे उलटतात, पण तो हलत नाही. ते चित्र अख्ख्या पानभर होतं. नवीनने तो अंक परत केलाच नाही. रद्दीवाल्याला हरवला म्हणून सांगितलं आणि कडब्यात लपवला.

त्यानंतर तो प्रत्येक गोष्टीसमोर हात पुढे करून उभा राहायला लागला. वावटळीसमोर. शेजाऱ्यांच्या सायकलीसमोर. एकदा आमच्या गोऱ्ह्यासमोर उभा राहिला. गोऱ्ह्याने कॉमिक वाचलेलं नव्हतं. त्याने मान खाली घातली आणि शिंग नवीनच्या मांडीत खुपसून त्याला कुंपणावर फेकलं. मांडी उघडी पडली होती, आतलं पांढरं दिसत होतं. टाके घालताना तो दात आवळून मला म्हणाला, “माह्यी पोझिशन चुकली. पाय लांब पाहिजे होते.”

आबा वाईट नव्हते असं आई अजून म्हणते. मी म्हणत नाही. शेतात दिवस वाईट गेला की ते घरी येऊन कारण शोधायचे, आणि कारण सापडलं की आईला मारायचे. हाताने, चपलेने, दोराने. त्या दुपारी त्यांना कडब्यात ज्वालाजीत सापडला.

“कोनं आनलं रे हे?”

त्यांनी तो अंक चुलीत घातला. आई चुलीपाशीच भाकरी थापत होती. तिने उगाच, बोलू नये ते बोलून टाकलं. “भाड्याचं ये ते. पोराले रद्दीवाला मारीन.”

“म्हंजे तुले ठाऊक होतं!”

आबांच्या हातात पराणी होती. बैल हाकायची काठी, टोकाला खिळ्याएवढी लोखंडी आर बसवलेली. पहिला फटका काठीचा होता, आईच्या पाठीवर. दुसरा खांद्यावर. ती चुलीवर पडता पडता राहिली, तवा उलटला. आबांनी पराणी फिरवून धरली, टोक पुढे करून. बैलालासुद्धा ते अशी लावत नसत. आणि मध्ये नवीन येऊन उभा राहिला. पाय लांब टाकलेले, दोन्ही तळहात पुढे.

आर उजव्या तळहातातून मागच्या बाजूने बाहेर आली.

मी ते पाहिलं, म्हणून सांगते. तो ओरडला नाही. त्याने हात मागे घेतला नाही, उलट काठी धरून ठेवली, आणि मनगटावरून रक्त कोपरापर्यंत येऊन आईच्या लुगड्यावर ठिबकत राहिलं. आबा त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी पराणीवरचा हात काढला. काठी नवीनच्या तळहातात तशीच लोंबत राहिली. आबा बाहेर ओट्यावर जाऊन बसले, आणि त्यानंतर त्यांनी आईवर हात उचलला नाही. शिव्या दिल्या, ताटं फेकली, पण हात नाही.

आई नवीनला कवटाळून रडत होती. तो तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता, पांढराफटक पडलेला, आणि हसत होता. मला त्या हसण्याची भीती वाटली. समोर उभं राहायचं, हात पुढे करायचे, हलायचं नाही, की येणारी गोष्ट थांबते. त्याने वाचलेलं खरं निघालं होतं. ते खरं निघालं नसतं तर बरं झालं असतं, असं मी आज म्हणते. पण मग आईचं काय झालं असतं, हेही मला माहीत आहे.

तेव्हाचे भगत झुलालबाबा. एरवी शेळ्या चारायचे. अंगाने किडकिडीत, पण पायांच्या पोटऱ्या दगडासारख्या. नवीन सतरा वर्षांचा झाला, अंगापिंडाने भरला, तेव्हा त्यांनीच त्याला बगल्या म्हणून मागून घेतलं. डाव्या बगलेला पुना नावाचा थोराड गडी होता, उजव्या बगलेला नवीन. आदल्या दिवशी झुलालबाबांनी दोघांना उतारावर नेऊन शिकवलं. मी कॉलेजला सुट्टी म्हणून घरी आले होते, बघायला गेले होते.

“दोर ढिला झाला का मले डाव्या अंगाले फेका,” बाबा म्हणाले. “पोतं फेकतात तसं. माह्यं तंगडं मोडलं तरी चालीन.”

“आन् गाड्या, बाबा?” नवीनने विचारलं.

“गाड्यायचं काय? त्या मरीमायच्या. त्या जातीन.”

पुना म्हणाला, “याले वाटते गाड्यायलेबी घरी नेऊन जेवू घालाचं.”

सगळे हसले. नवीनही हसला.

त्या वर्षी गर्दी फार होती. मी तिसऱ्या गाडीत पुढच्या बाजूला उभी होते, आणि पुढच्या दोन्ही गाड्यांतल्या माणसांच्या खांद्यांवरून मला रस्ता दिसत होता. झुलालबाबांच्या अंगावर हळद, डोक्याला पागोटं. हलगी वाजायला लागली, त्यांनी हाळी दिली आणि गाडीला हिसका बसला. लोखंडी धावा बसवलेली चोवीस चाकं एकदम कुरकुरली. सपाटी संपेपर्यंत सगळं ठीक होतं. मग पायांखाली गाडीचा आवाज बदलला. कुरकुर थांबली आणि गडगडायला लागलं. पहिल्या गाडीची धुरी, म्हणजे पुढचे दांडे, धरून पळणारी पोरं एक एक करून बाजूला उड्या मारायला लागली.

दोर जमिनीला लागला. आकड्यातून सुटला. पुना ओरडला, “फेक!”

पुनाने बाबांना डावीकडे ओढलं. आणि नवीनने त्यांची बगल सोडली. तो गर्रकन वळला, गाड्यांकडे तोंड केलं, पाय लांब टाकले आणि दोन्ही तळहात पुढे केले.

दोन खांद्यांवर टेकून पळणाऱ्या म्हाताऱ्याचा एक खांदा गेला. बाबा पुनाच्या हातातून निसटून उजवीकडे कलंडले. पहिल्या गाडीचं जू नवीनच्या छातीवर बसलं, तो उडाला, आणि उजवं चाक बाबांच्या मांड्यांवर चढलं. चरकात उसाचं कांडं जातं तसा आवाज आला. धडाम नाही, भडाक नाही. चाक मांड्यांवरून कंबरेपर्यंत आलं आणि पट्ट्यातल्या आकड्याला अडकलं. धुरी खाली पडून जमिनीत घुसली, मागच्या गाड्या पुढच्यांवर आदळल्या, आणि आम्ही सगळे एकमेकांवर पडलो. माझ्या शेजारच्या बाईचं मनगट मोडून हाड बाहेर आलं होतं आणि ती ते दुसऱ्या हाताने आत ढकलत होती. हलगीवाला अजून वाजवत होता, त्याला कळलंच नव्हतं.

मी उतरून पुढे धावले. नवीन गाडीपुढे गुडघ्यांवर बसला होता. डाव्या हाताची दोन बोटं धावेखाली जाऊन तुटली होती. तोंडातून रक्त येत होतं, आणि हात अजून पुढे होते. खाली झुलालबाबा. कंबरेखाली त्यांच्यात माणूस म्हणावं असं काही उरलं नव्हतं. ते शुद्धीवर होते.

आता गंमत बघा. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या शेकडो लोकांनी काय पाहिलं? एक पोरगा गाड्यांसमोर हात पुढे करून उभा राहिला आणि गाड्या थांबल्या. बाबांना पुनाच्या हातातून निसटताना कुणी नीट पाहिलं नाही, सगळ्यांचे डोळे नवीनवर होते. बाबांना जळगावला दवाखान्यात नेईपर्यंत गावात गोष्ट तयार झाली होती. नवीन नसता तर पन्नास माणसं मेली असती. नवीनने बारा गाड्या हातांनी थांबवल्या. पुनाने एकदा तोंड उघडलं, “त्यानं बगल सोडली,” एवढंच म्हणाला, तर लोक त्याच्यावर धावून गेले, तूच म्हाताऱ्याला सोडलंस म्हणून. चार जणांनी त्याला नाल्यात पाडून इतकं तुडवलं की त्याचा एक कान कायमचा गेला. त्यानंतर पुना बोलला नाही.

झुलालबाबा दवाखान्यातच वारले. जायच्या आधी त्यांच्या मुलाने, मगनने, विचारलं की पुढे गाड्या कोण ओढणार. ते म्हणाले, “तोतारामच्या पोराले द्या.” गावाने हा मान समजला. मोठी मिरवणूक काढून नवीनला पागोटं बांधलं. मगन पागोट्याचं दुसरं टोक धरून उभा होता. त्याने नवीनच्या कानात काहीतरी सांगितलं आणि नवीनचा चेहरा पडला. काय सांगितलं ते मला फार उशिरा कळलं.

तेव्हापासून दर आखाजीला नवीन गाड्या ओढतो. उतारावर त्याला डावीकडे फेकतात, तो मुकाट्याने फेकला जातो. मार लागतो, ढोपरं फुटतात. एका वर्षी कॉलरबोन गेलं. लोक जयजयकार करतात.

त्याचा राग मात्र कुठे गेला नाही. जिनिंगमध्ये सातपुड्याकडून आलेला लखन नावाचा मजूर होता. मुकादमाने त्याला गाठी बांधायच्या लोखंडी पट्टीने मारलं, कानापासून हनुवटीपर्यंत गाल फाडला. नवीन गाठ टाकून धावला. मुकादमाचा जबडा दोन ठिकाणी मोडला. तो खाली पडल्यावरही नवीन मारत राहिला, चार जणांनी ओढून काढेपर्यंत. मुकादम दवाखान्यात होता तितके दिवस नवीन रोज त्याच्यासाठी वरणाचं पाणी घेऊन जायचा, कारण त्याला चावता येत नव्हतं. मुकादमाची बायको दारातच त्याला शिव्या घालायची. तो डबा ठेवून यायचा.

“कॉमिकमधी हे पान नव्हतं व अक्का,” तो मला म्हणाला.

त्याच सुमारास तो गुडघा दाखवायला आमच्याकडे धुळ्याला आला होता. दुपारी जेवणं झाल्यावर अंगणात बसलो होतो. मी सहज म्हटलं, आता वय झालं, गाड्या सोड.

“कशा सोडू?” तो म्हणाला. “मगननं त्या दिवशी कानात काय सांगतलं, ठाऊक ये का तुले? म्हने, बापानं तुले मान नही देल्ला. बाप म्हने, दर वर्षी त्याच उतारावरून पळू दे त्याले, म्हंजे ध्यानात राहीन.”

मी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

“तू त गाडीत होती. तुले त माहीत ये. गाड्या मी नही थांबवल्या. गाड्या बाबानं थांबवल्या, त्यायच्या मांड्यायनं.” मग गुडघा चोळत, “रोज सपनात उभा राहतो. हात पुढं करतो. एखाद्या टायमाले थांबतात बी.”

“लोकांना सांगून का टाकत नाहीस?”

“पुनाचा कान गेला. माह्यं काय जाईन?” तो हसला. “भिऊन राह्यलो व अक्का. त्या गोऱ्ह्याले नही भ्यालो तेवढा.”

हितेंद्र लहानपणी सुट्टीत मामाकडे जायचा. तिथे पत्र्याची पेटी आहे, त्यात ज्वालाजीत भरलेत. रद्दीवाल्याने दुकान बंद केलं तेव्हा नवीनने उरलेला गठ्ठा उचलून आणला. मामाभाचे माळ्यावर पालथे पडून वाचायचे. आवाज अजूनही नवीनच काढायचा, बायको ज्योती खालून ओरडायची, “पोराले नही, तुमाले शाळेत घाला पुन्हा!” इंजिनाचा अंक मात्र त्या पेटीत नाही. तो चुलीत गेला. पण ती गोष्ट हितेंद्रला गावाने सांगितली, इंजिनाच्या जागी गाड्या घालून. तो विचारायचा, “मामा, खरंच का?” आणि नवीन बशीत चहा ओतून फुंकर मारत बसायचा. हो म्हणायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही. दोन बोटं नसलेला हात मात्र हितेंद्र धरून बघायचा, एखाद्या पदकाकडे बघावं तसा.

आता हितेंद्र वीस वर्षांचा आहे. व्यायामशाळेत जाऊन मान खांद्यांत गेली आहे. उजव्या बगलेला पळणाऱ्या गड्याची पाठ यंदा धरली, आणि हा परस्पर मामाला म्हणाला, मी पळतो. नवीन नाही म्हणाला नाही. भाच्यापुढे नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

फोटो आल्यावर मी हितेंद्रला लगेच फोन केला. सगळं सांगितलं. बगल सोडली ती, मांड्या, आवाज, सगळं.

“मम्मी, तू तिसऱ्या गाडीत होतीस,” तो म्हणाला. “पुढच्यांनी पाहिलंय ना.”

“मी पाहिलंय, हितू.”

“मी इथे आलेलोच तुला नको होतं. म्हणून सांगतेयस.”

“उतारावर काय करायचं, सांग मला.”

“डावीकडे फेकायचं. माहितीये गं.”

“आणि गाड्या जवळ आल्या तर?”

तो हसला. मागे पोरं ओरडत होती, कुणीतरी हलगी बडवत होतं. “तर बघू की. मामाला त्या वयात जमलं, मला नाही जमणार?”

मग मी म्हटलं, मामाला दे फोन. तो म्हणाला, मामाचं मौन सुरू झालंय. भगत आदल्या दिवशी दिवस मावळल्यापासून गाड्या ओढून होईपर्यंत बोलत नाही, देवळाच्या ओट्यावर झोपतो आणि बगलेही तिथेच झोपतात. एक शब्द तोंडातून गेला तर त्या वर्षी त्याचा आकडा उतरवून दुसऱ्याला देतात. आमच्या गावात यावर वाद होत नाही. दुसरा म्हणजे मगन. मगन आपल्याच भावकीतले बगले घेतो, आणि त्यातल्या एकालाही गाड्या थांबवायची हौस नाही. त्यांच्या घरात त्या उताराची गोष्ट वेगळी सांगितली जाते.

मी इतका वेळ हे लिहीत बसले ते नवीनसाठी की हितेंद्रसाठी, मला नीट सांगता येणार नाही. नवीनची गोष्ट खरी लिहिली तर ती एका माणसाची आहे ज्याने एकदा आईला वाचवलं आणि त्याच हातांनी एका म्हाताऱ्याला मारलं. दोन्ही वेळा त्याने तेच केलं, पाय लांब, हात पुढे. गावाला एकच माहीत आहे, तेही उलटं. उद्या दिवस कलल्यावर तो पुन्हा तिथे असेल. माझा मुलगा त्याच्या काखेत हात घालून पळत असेल, डोक्यात ते न पाहिलेलं पानभर चित्र घेऊन. दोर ढिला होईल. हितेंद्र माझं ऐकणार नाही, ते मी ऐकलं. तो एकाच माणसाचं ऐकेल, आणि त्या माणसाला आज बोलायची बंदी आहे.

म्हणून बोलायलाच लावायचं आहे त्याला.

यात त्याचं काय जाईल हे मला कळतं. आकडा जाईल. पागोटं मगनच्या डोक्यावर जाईल. ओट्यावरचा दुसरा बगल्या ऐकेल, आणि भल्या पहाटे गाव विचारेल, भगत का बोलला, काय बोलला, आणि तेही त्याला सांगावं लागेल. पुनाला तुडवणारे अजून जिवंत आहेत. कदाचित त्याला मारतील. तो हात पुढे करणार नाही, एवढं मी त्याला ओळखते. झुलालबाबांनी दिलेलं ओझं असं अर्ध्यावर टाकायला लावलं म्हणून तो मला पुन्हा अक्का म्हणणारही नाही.

ज्योतीचा फोन उशाशी असतो. देऊळ घरापासून हाकेवर आहे. ती चालत जाईल, नवीनला हलवेल, फोन त्याच्या कानाला लावेल. तो बोलणार नाही, नुसता श्वास ऐकू येईल. मी त्याला सांगेन, नवीन, हितू तुझ्या शेजारी ओट्यावरच झोपलाय. त्याला उठव. गाड्या कशाने थांबल्या ते त्याला तुझ्या तोंडाने सांग. माझ्याशी एक शब्द बोलू नकोस, त्याच्याशी बोल.

ज्योतीला फोन लावते.